वास ठीक होता

मंगळवार, ७ मे २०२४. मुंबईत मानखुर्दच्या १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. ३ मे रोजी त्याने रस्त्यावरच्या एका गाडीवर शोरमा खाल्ला होता. ४ तारखेला पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. उपचार घेतले, बरं वाटेना, केईएम रुग्णालय गाठलं. शोरमा ते मृत्यू, चार दिवस. पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली. ठपका खराब चिकनवर आला.

चिकनवर संशय लगेच जातो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मेयोच्या पांढऱ्या बाटलीवर सहसा जात नाही. ही नोंद त्या बाटलीची आहे. खाली येणारी डोंबिवलीची गाडी आणि घर कुणा एकाचं नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत रोज दिसणाऱ्या गाड्या आणि घरं जोडून दोन्ही उभी केली आहेत, म्हणून कुणालाच नाव नाही. सालासकट दिलेल्या घटना खऱ्या आहेत. जिवाणूचं गणितही खरं आहे.

शेवट आधीच सांगून टाकतो. सोमवारी सकाळी ६.५० वाजता त्या घरातल्या ७१ वर्षांच्या आजी जातात. आत्ता ४८ तास शिल्लक आहेत.

शनिवार, सकाळी ६.५०

डोंबिवली पूर्व. गाडीवाल्याच्या खोलीवर अंड्यांचा ट्रे येतो. ३० अंडी. तीन तडकलेली, एकाला कोंबडीची विष्ठा लागून वाळलेली. दुकानदार बदलून देतो, पण त्यासाठी परत खाली उतरून कोपऱ्यापर्यंत जावं लागतं. गाडीवाला तडकलेली तीन बाजूला काढून ठेवतो. भुर्जीत गेली असती तर तव्यावर जंतू मेले असते. ती मेयोसाठी राखली जातात, कारण मेयोत अंडं फुटकं होतं की धड, हे कळत नाही.

साल्मोनेला हा जिवाणू अंड्यात दोन वाटांनी शिरतो. एक, विष्ठेतून कवचावर आणि तड्यातून आत. दुसरी वाट जास्त वाईट. कोंबडीच्या अंडाशयातच जंतू असेल तर कवच तयार होण्याआधीच अंडं बाधित झालेलं असतं. असं अंडं फोडून बघा: बलक गोल, पांढरं घट्ट, वास ताजा.

जुलै १९८७

न्यू यॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कच्च्या अंड्यांचं मेयोनेज बनवून ते पथ्याच्या जेवणातल्या सॅलडमध्ये कालवलं गेलं. ९६५ रुग्णांपैकी ४०४ आजारी पडले. नऊ जण दगावले. पुढे हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आलं. म्हणजे कच्चं अंडं, मेयो आणि म्हातारी माणसं यांचा हिशेब जगाला निदान तेव्हापासून ठाऊक आहे.

शनिवार, सकाळी ८.३०

गाडीवाला मोबाइल बघतो. वीज कंपनीचा मेसेज गुरुवारीच आलेला आहे: देखभाल-दुरुस्तीसाठी शनिवारी सकाळी १० ते दुपारी २ वीजपुरवठा बंद. एरवी तो मेयो दुपारी तीनला करतो. आज दोनला लाइट येणार आहे, पण दोन म्हणजे किती, हे डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही. लाइट नाही तर मिक्सर नाही. तो ठरवतो, आत्ताच करून टाकू.

गाडी लागायला अजून आठ तास आहेत.

सकाळी ९.१०

मिक्सरचं मोठं भांडं. आठ अंडी, त्यात ती तीन. सोललेला लसूण एक मूठ, मीठ, मिरपूड, दोन चमचे साखर. मिक्सर फिरत असताना झाकणाच्या भोकातून तेलाची बारीक धार. पहिला पाव लिटर जाईपर्यंत भांड्यात पिवळट पाणी हिंदकळतं. मग आवाज बदलतो, जड होतो, आणि पातं घट्ट पांढऱ्या लोण्यात रुतायला लागतं. दीड लिटर तेल संपतं.

आता लिंबू. ज्याच्याकडे तो हे काम शिकला त्याने आठ अंड्यांना भरपूर लिंबं पिळायला सांगितली होती. घरगुती मेयोवर झालेल्या प्रयोगांत एका बलकामागे किमान २० मिली लिंबूरस सुचवलेला आहे, म्हणजे मेयोचा सामू ४.१ च्या खाली येतो आणि साल्मोनेलाला तिथे वाढता येत नाही. आठ अंड्यांना १६० मिली. दहा-बारा लिंबं झाली. मे महिन्यात लिंबाचा भाव चढलेला असतो. शिवाय गिऱ्हाईक म्हणतं, आंबट लागतंय. गाडीवाला दोन लिंबं पिळतो आणि साखर अजून एक चमचा वाढवतो.

या एका निर्णयात मेयोचं कुलूप निघालं. कंपनीची बंद बाटली दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने टिकते ती याच आंबटपणावर. त्यात व्हिनेगर मोजून असतं, परिरक्षक असतात, अंडं असलंच तर पाश्चराइज केलेलं असतं. आणि आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत ते नसतंच. गाडीवरचं मेयो दिसायला तसंच. आतून ते लसूण घातलेलं कच्चं अंडं आहे.

सकाळी ९.३५

गाडीवाला बोटावर घेऊन चाखतो. हुंगतो. लसणाचा वास. "एक नंबर," तो पोऱ्याला म्हणतो.

सकाळी ९.४०

तीन लिटरच्या स्टीलच्या डब्यात मेयो भरून डबा फ्रिजमध्ये. मिक्सरच्या मोटरने भांडं कोमट झालेलं, म्हणून मेयोही कोमट. वरच्या कप्प्यात मसाला लावलेलं चिकन पातेल्यात आहे. पातेल्यावर ताट आहे, पण ते पुरतं बसत नाही.

सकाळी १०.००

लाइट जाते. वेळेवर.

फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. पण खोलीत पंखाही बंद आहे. ११.१५ ला पोऱ्या थंड पाण्याची बाटली काढतो. १२ च्या सुमारास दही. साडेबाराला पुन्हा पाणी. डब्यातलं मेयो गार व्हायच्या आधीच त्याच्या भोवतालची हवा गरम झाली आहे.

दुपारी २.००

लाइट नाही.

अन्नसुरक्षेच्या भाषेत ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. त्यात शिजवलेलं किंवा नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मनाजोगतं तापमान आणि खाद्य मिळालं की साल्मोनेला २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतो. अर्ध्या तासाचा हिशेब धरा. एकाचे तासाभरात ४. चार तासांत २५६. आठ तासांत ६५,५३६. सुरुवातीला तो थोडा रेंगाळतो, तेल आणि लिंबू त्याला थोडं अडवतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा कमी असेल. पण डब्यात सुरुवातीला एकच जंतू होता असंही नाही.

दुपारी २.५५

लाइट येते. फ्रिजची मोटर घरघरायला लागते. गाडीवाला डब्याला हात लावतो, जरा गार लागतो. थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. सकाळपासून जे वाढले ते डब्यातच आहेत.

तो झाकण उघडून वास घेतो. ठीक आहे.

एप्रिल २०२४ चा शेवटचा आठवडा

हवामान खात्याने ठाणे, रायगड आणि मुंबईच्या काही भागांना उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. त्याच दिवसांत गोरेगावात एका गाडीवरचा चिकन शोरमा खाऊन १२ जण रुग्णालयात दाखल झाले. दोन्ही बातम्या छापून आल्या, वेगवेगळ्या पानांवर. पहिली वाचून लोकांनी टोपी घातली, दुसरी वाचून काही दिवस शोरमा सोडला. आठवड्याने मानखुर्द झालं.

शनिवार, दुपारी ४.१०

डबा स्कूटरच्या पायाशी, दोन पायांच्या मध्ये. बर्फ नाही. चिकनला बर्फ घेतला आहे, ते थर्माकोलच्या खोक्यात आहे. मेयोला बर्फ लागतो, असं त्याला कधी कुणी सांगितलेलं नाही.

दुपारी ४.४०

गाडी लागते. चोचीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत कालचं मेयो तळाशी तीन बोटं उरलेलं आहे. पोऱ्या विचारतो, "शेठ, बाटली धुऊ?" पाण्याचा कॅन एकच आहे, तो संध्याकाळभर पुरवायचा आहे. "राहू दे, वरून भर," शेठ म्हणतो.

शुक्रवारचं मेयो शनिवारच्या मेयोला भेटतं. शुक्रवारच्यात गुरुवारचं किती होतं, हे कुणी सांगू शकणार नाही. एका अर्थाने ही बाटली गाडी सुरू झाल्यापासून रिकामी झालेलीच नाही.

संध्याकाळी ५.१५

दोन किलो कोबी बारीक चिरून त्यात मेयोचे चार डाव. कोबीला मीठ लागून पाणी सुटतं. जो काही आंबटपणा मेयोत होता तो या पाण्याने आणखी पातळ होतो. मेयो नुसतं असतं तेव्हा निदान तेलाच्या थेंबांच्या गर्दीत जंतूची कोंडी होते. कोबीत, बटाट्यात, चिकनमध्ये कालवलं की त्याला पाणी मिळतं, खाद्य मिळतं. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात मदर्स डेच्या एका जेवणातून दीडशेच्या आसपास माणसं आजारी पडली, ती कच्च्या अंड्याचं मेयो घातलेल्या बटाट्याच्या सॅलडमुळे.

संध्याकाळी ६.३०

बाटली शोरम्याच्या शेगडीपासून हातभर अंतरावर. तिथेच ठेवली की हात लांब करावा लागत नाही. पोऱ्या ज्या सुरीने कच्चं चिकन सळईवर चढवताना कापतो, तीच फडक्याला पुसून कोबीच्या पातेल्याच्या कडेला टेकवतो.

संध्याकाळी ७.३०

स्टेशनकडून गर्दी यायला लागते. एक कॉलेजची मुलगी शेजारच्या गाडीवर विचारते, "दादा, मेयो व्हेज आहे ना?" व्हेज आहे. अंड्याऐवजी कच्चं दूध आणि तेल. ती निर्धास्त होते. दूध आणि हात यांतून येणारा स्टॅफिलोकॉकस वेगळ्या जातीचा आहे: तो अन्नातच विष तयार करून ठेवतो, ते विष गरम करूनही जात नाही, आणि दोन-चार तासांत उलटी होते. त्या गाडीची गोष्ट इथे सांगत नाही.

रात्री ८.२५

त्या घरातले बाबा येतात. तीन शोरमा, एक प्लेट चिकन मोमो, पार्सल. "मेयो एक्स्ट्रा द्या." वीस रुपये. पोऱ्या बाटलीची चोच एका चिमुकल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाबतो, पिशवीला पीळ देतो, गाठ मारतो. पाच सेकंदांचं काम. पिशवीवर काही लिहिलेलं नाही.

जानेवारी २०२३

केरळने कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली. पाश्चराइज केलेल्या अंड्याचं किंवा बिनअंड्याचंच मेयो वापरायचं. पार्सलवर पदार्थ कधी बनवला आणि कधीपर्यंत खायचा, याची चिठ्ठीही सक्तीची केली. त्याआधी मे २०२२ मध्ये कासारगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन एक शाळकरी मुलगी गेली होती, आणि २०२३ उजाडता उजाडता कोट्टायमची एक परिचारिका हॉटेलचं जेवण खाऊन. बंदी असूनही मे २०२४ मध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या पेरिंजनम इथे एका हॉटेलातल्या मांसभातामुळे आणि मेयोमुळे दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, एक बाई दगावली. नियम असूनही हे झालं हे खरं. पण चिठ्ठीची कल्पना मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते, कारण मेयोबद्दल जे नाक सांगू शकत नाही ते चिठ्ठीच सांगू शकते.

शनिवार, रात्री ८.५०

घर. तिसरा मजला. आयपीएलची मॅच लागलेली आहे. बाबा आणि धाकटा शोरमा खातात. आईचा उपास आहे. आजींना शोरमा चावत नाही. त्या दोन मोमो घेतात, मऊ असतात म्हणून. "ती पांढरी चटणी दे गं थोडी." आई पिशवीची गाठ सोडून वाटीत मेयो काढते. आजी मोमो दोन्ही बाजूंनी बुडवून खातात.

थोरलीचा शोरमा ओट्यावर, वर ताटली झाकून. ती ठाण्याहून निघायची आहे. फ्रिजमध्ये ठेवला तर पोळी वातड होते.

रात्री ११.३५

थोरली येते. लोकल लेट. शोरमा उघडते, हुंगते. दिवसभर काही खाल्लेलं नाही, पोटात कावळे ओरडताहेत. लसणाचा वास. खाते. मेयो जन्माला येऊन चौदा तास होत आले.

रात्री ११.५०

वाटीत उरलेलं मेयो आई पुन्हा पिशवीत ओतते, गाठ मारते, पिशवी फ्रिजच्या दारात ठेवते. उद्या ब्रेडला होईल.

रविवार, रात्री १२.३०

गाडी आवरते. डब्यात तळाशी वाटीभर मेयो. डबा पुन्हा खोलीवरच्या फ्रिजमध्ये.

सकाळी ७.१५

आजी उठतात. उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, चहानंतर रक्तदाबाची. तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे. दोन्ही वर्षानुवर्षांच्या. पहिल्या गोळीने जठरातलं आम्ल कमी राहतं. तेच आम्ल साल्मोनेलाला अडवणारी शरीराची पहिली चौकी असते. दुसरी गोळी शरीरातलं पाणी बाहेर काढते. एरवी दोन्ही गोळ्या त्यांना तगवतात. आज त्या दोन्ही उलट बाजूने काम करणार आहेत.

सकाळी ८.२०

धाकट्याला सँडविच हवं आहे. आई फ्रिजचं दार उघडते. दारात दोन मेयो आहेत: कंपनीची बाटली आणि कालची पिशवी. ती आधी बाटली बघते, कारण तिला बाटली बघायची सवय आहे, आणि ती बरोबर बघते. तोंडाशी बुरशी आहे का. तेल वर सुटलंय का. कडेने पिवळं पडलंय का. झाकण उघडताना फुस्स झालं का. वास खवट आहे का. बाटली कधी उघडली ते तिने पेनाने झाकणावर लिहिलेलं आहे. लेबलवर दिलेली मुदत उलटून गेली आहे. ती बाटली टाकून देते.

मग पिशवी. त्याच कसोट्या. बुरशी नाही, तेल सुटलेलं नाही, रंग पांढरा, वास लसणाचा. पास.

कसोट्या चुकीच्या नव्हत्या. त्या नासण्याच्या कसोट्या आहेत. अन्न नासवणारे जिवाणू आणि बुरश्या वास करतात, चव बिघडवतात, फेस आणतात. त्यांची कृपा अशी की ते दिसतात. माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला मेयोत लाखांनी असला तरी ना वास बदलतो ना रंग. जुनी कंपनीची बाटली खवट झाली असती तर तोंड वाकडं झालं असतं, फार तर पोट बिघडलं असतं. ती कचऱ्यात गेली. कच्च्या अंड्याचं मेयो बनवल्यापासून सतत गार असेल तरच खायचं, आणि तेही त्याच दिवशी संपवायचं असतं. आईकडे त्याचा एकच पुरावा असायला हवा होता, तो म्हणजे वेळ. पिशवीवर वेळ नव्हती.

सकाळी ११.४०

बाबांना मळमळ. पोटात मुरडा. "काल उन्हात फिरलो ना." लिंबू-सरबत घेतात.

साल्मोनेलाची लक्षणं पोटात गेल्यापासून ६ ते ७२ तासांत कधीही, बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात. त्यामुळे बहुतेक घरांत पहिला आळ शेवटच्या जेवणावर येतो. इथे सकाळच्या पोह्यांवर आला.

दुपारी १.०५

आजींना पहिला जुलाब. त्या कुणाला सांगत नाहीत. चार वाजेपर्यंत पाच होतात. दोन वाजता लघवी झाली. त्यानंतरची वेळ आपण कुठेच लिहू शकणार नाही.

दुपारी ३.३०

थोरलीला १०२ ताप. धाकट्याला उलटी. आई फॅमिली डॉक्टरांना फोन लावते. रविवार. दवाखाना बंद, फोन वाजत राहतो.

दुपारी ४.००

बाबा औषधाच्या दुकानात. जुलाब थांबवायची गोळी, सगळ्यांसाठी एक पट्टी. ताप असताना आणि जंतूचे जुलाब असताना ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते. जे बाहेर पडायला हवं ते आतड्यात अडकून राहतं. दुकानदार म्हणतो, आज बरेच जण हेच मागताहेत, पाणी खराब आलंय बहुतेक. बाबा घरी येऊन सांगतात, पाणी उकळून प्या.

संध्याकाळी ५.१५

गाडी लागते. कालची वाटी नव्या डब्यात जाते.

संध्याकाळी ७.४०

आता आजींचं कळतं, कारण त्या मोरीतून येताना भिंतीला धरून चालतात. आई ओआरएसची पुडी आणते. पुडी एक लिटर पाण्यासाठी आहे. ती पेल्यात फोडली जाते, लवकर ताकद यावी म्हणून. दाट मिठाचं पाणी आजींना पोटात ठरत नाही. दोन घोटांनी ओकारी येते. मग त्या काहीच घेत नाहीत. "आता झोपू दे मला."

रात्री ९.३०

डॉक्टरांचा फोन लागतो. आई ताप सांगते, उलट्या सांगते. वय सांगते. आजींना लघवी कधी झाली, हे तिला विचारलं जात नाही आणि तिलाही सांगावंसं वाटत नाही. "सकाळी नऊला घेऊन या."

नऊ तास वीस मिनिटं शिल्लक.

रात्री ११.००

आजींची जीभ कोरडी. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. हे कुणी करून बघत नाही, घरात आता चौघं आजारी आहेत आणि एकटी आई उभी आहे.

सोमवार, पहाटे २.२०

आजी थोरलीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारतात. दोनदा. हात गार.

पहाटे २.४५

आई शेजारचं दार वाजवते. शेजाऱ्यांची गाडी आहे. लिफ्ट नाही, आजींना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवतात.

पहाटे ३.१०

रुग्णालय. रक्तदाब ७० वर ४०. शीर सापडायला वेळ लागतो. दोन्ही हातांना सलाइन. ड्यूटीवरचा डॉक्टर तो प्रश्न विचारतो जो रविवारी दुपारी कुणीतरी विचारायला हवा होता: शनिवारी बाहेरचं काय खाल्लं? आणि त्यावर दुसरा: किती वाजता?

पहिल्याचं उत्तर आईला येतं.

सकाळी ६.५०

मृत्यू. नोंद होते: तीव्र जठरांत्रदाह, निर्जलीकरण, जंतुसंसर्गाने आलेला आघात. बाबा, थोरली, धाकटा पुढच्या पाच दिवसांत बरे होतात. आईला काहीच होत नाही. तिचा उपास होता.

सकाळी ९.००

रुग्णालय महापालिकेला आणि पोलिसांना कळवतं. रात्रीपासून त्याच भागातून असे आणखी रुग्ण आलेले आहेत.

सकाळी ११.३०

गाडीवाल्याची खोली. अन्न सुरक्षा अधिकारी येतात तेव्हा स्टीलचा डबा घासून पालथा घातलेला आहे. चोचीची बाटली कधी नव्हे ती साबणाने धुतलेली. ट्रेमध्ये नवी अंडी. गाडीवाला खोटं बोलत नाही, तो म्हणतो, "साहेब, मी स्वतः खातो तेच." तेही खरं आहे. तरुण, धडधाकट माणसाला त्याच जंतूंनी कधीकधी नुसती एक दिवसाची हगवण होते, आणि त्याला ती उन्हाची वाटते.

नमुना घ्यायला काही नाही.

३० ऑक्टोबर २०२४

हैदराबादेत मोमो आणि मेयो खाऊन एक बाई गेली होती, बरेच जण आजारी पडले होते. या दिवशी तेलंगणाने कच्च्या अंड्याच्या मेयोवर वर्षभराची बंदी घातली. ८ एप्रिल २०२५ ला तमिळनाडूने तेच केलं. पांढरी बाटली सरकारी आदेशात आली ती बहुतेक ठिकाणी अशीच, मृत्यूच्या मागून.

सोमवार, दुपारी १.१५

अधिकारी कुटुंबाच्या घरी. आई फ्रिजचं दार उघडते. पिशवी तिथेच आहे, तळाशी दोन चमचे. एक अधिकारी ती उजेडात धरतो. पांढरं, एकजीव, तेल सुटलेलं नाही. गाठीजवळ नाक नेतो. लसूण.

तो पिशवी दुसऱ्या जाड पिशवीत घालतो, लाखेने मोहोर लावतो आणि चिकटवलेल्या कागदावर पेनाने लिहितो: मेयोनेज, अंदाजे २५ ग्रॅम, ताब्यात घेतल्याची वेळ दुपारी १.२०. त्या खाली छापील रकाना आहे, "तयार केल्याची तारीख व वेळ". तो आईकडे बघतो. आई मान हलवते. रकान्यात तो आडवी रेघ ओढतो.